तार जिथे संपते तिथे सेनापती: खंदकयुद्धातल्या निरोपांची गोष्ट

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. सैनिक चिखलात मरत होते आणि सेनापती मैलोगणती मागे, कुठल्यातरी फ्रेंच गढीत गादीवर झोपत होते. मीही बरीच वर्षं हे मान्य करून बसलो होतो. मग सिग्नलवाल्यांच्या, म्हणजे सैन्यात निरोपांची ने-आण सांभाळणाऱ्यांच्या, कामाबद्दल वाचायला घेतलं आणि त्या तक्रारीचं निम्मं उत्तर तांब्याच्या तारेत सापडलं.

आघाडीवरच्या सगळ्या टेलिफोनच्या तारा मागे येत येत एका जागी मिळायच्या. ती जागा म्हणजे मुख्यालय. तिथून उठून सेनापती पुढे गेला, तर त्याला एका खंदकातलं शंभर पावलांचं चित्र दिसणार. बाकी कित्येक किलोमीटरच्या आघाडीवर काय चाललंय ते कळणार नाही, आणि त्याच्यासाठी आलेले निरोप मागच्या टेबलावर पडून राहणार. थोडक्यात, सेनापतीला स्वतःच्या सैन्याचं ऐकायचं असेल तर तारेच्या टोकाला बसून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि ती तार दिवसातून दहादा तुटत होती.

१९१४ संपता संपता पश्चिम आघाडी गोठली. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर समोरासमोर खंदक. यात निरोपाचा प्रवास कसा होई ते आपल्याकडच्या सरकारी अर्जावरून चटकन समजेल. अर्ज तलाठ्याकडे, मग मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, आणि उत्तर पुन्हा त्याच पायऱ्यांनी खाली. तसंच इथे कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी. फरक एवढाच, की इथे दोन पायऱ्यांमधल्या जमिनीवर तोफगोळे पडत असत, आणि उत्तर यायला उशीर झाला तर अर्जदार हयात नसे.

याचं एक उदाहरण भारतीयांच्या जवळचं आहे. १० मार्च १९१५, उत्तर फ्रान्समधलं नव्ह शापेल हे गाव. ब्रिटिश आणि भारतीय कोअरनी पस्तीस मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर हल्ला चढवला आणि सकाळच्या सकाळी गाव हातात आलं. समोर जर्मन फळीला खिंडार पडलेलं. आता पुढे घुसायचं. पण पुढे घुसा असं सांगायला वरून हुकूम हवा, वरच्याला हुकूम द्यायला पुढची खबर हवी, आणि पुढे नेलेल्या तारा गोळ्यांनी तुटलेल्या. डाव्या बाजूची एक तुकडी अडकून पडली होती, तिचीही वाट पाहणं झालं. नवा हल्ला खऱ्या अर्थानं सुरू झाला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. तेवढ्या तासांत जर्मनांनी नवी फळी उभी केली. तीन दिवसांच्या त्या लढाईत एकट्या भारतीय कोअरचे चार हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. (याच गावात काही महिने आधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) दोन कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर हल्ल्यात उतरल्या होत्या आणि त्यांची भयंकर हानी झाली होती. आज तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. पुण्याच्या फार थोड्या लोकांना हे नाव माहीत असतं.)

आता तारेकडे येऊ.

लाइनमन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावसात खांबावर चढलेला वीज मंडळाचा माणूस येतो. खंदकातल्या लाइनमनला खांब नव्हता, त्याची तार जमिनीवर पसरलेली किंवा खंदकाच्या भिंतीला खुंट्यांनी अडकवलेली. रात्री दोन वाजता बटालियनचा फोन मेला, की दोघं निघायचे. एकाकडे तारेचं भेंडोळं, पक्कड, चिकटपट्टी. दुसऱ्याकडे पेटीतला फोन. उजेड करायची सोय नाही. तेव्हा करायचं काय, तर तार डाव्या मुठीत सैल धरायची आणि चालायला लागायचं. तार मुठीतून सरकत राहते, चिखलातून वर येते, पुन्हा बुडते. आणि एका क्षणी मूठ रिकामी होते.

हे एक टोक. ते सोडायचं नाही, आधी कशाला तरी बांधून ठेवायचं, नाहीतर अंधारात तेही हरवतं. मग दुसरं टोक शोधायचं. गोळा फुटला की तार नुसती तुटत नाही, तिचा मधला तुकडा नाहीसाच होतो आणि उरलेलं टोक वीस-तीस पावलं लांब फेकलं जातं. खड्ड्याच्या कडेनं चाचपडत, हातापायावर फिरत ते सापडलं, की मध्ये नवा तुकडा घालायचा, वेष्टन सोलायचं, गाठ मारायची, पीळ द्यायचा, वर पट्टी गुंडाळायची. मग पेटीतला फोन जोडून दोन्ही बाजूंना हाक द्यायची. मागचा बोलतो, पुढचा बोलत नाही. म्हणजे पुढे आणखी एक तूट आहे. पुन्हा तार मुठीत. ती जोडून परत येईपर्यंत पहिल्याच ठिकाणी नवा गोळा पडलेला, हेही ठरलेलं.

शत्रूच्या गोळ्यांइतकाच त्रास आपल्याच माणसांचा होता. रात्री ओझी वाहणारे सैनिक तारेत अडखळायचे आणि शिवी देऊन ती बाजूला ओढायचे. रणगाडे आल्यावर तर त्यांच्या पट्ट्यांत अख्ख्या लाइनी गुंडाळून जायच्या.

यावर दोन उपाय निघाले. पहिला स्वस्त: दोन तारा थोड्या अंतरानं समांतर न्यायच्या आणि मध्ये मध्ये त्यांना आडव्या तारेनं जोडायचं, शिडीच्या पायऱ्यांसारखं. मग एका बाजूला तूट पडली तरी निरोप पुढच्या पायरीवरून दुसऱ्या बाजूनं निघून जातो. एकाच वेळी दोन्ही बाजू एकाच टप्प्यात तुटल्या तरच बोलणं थांबतं. दुसरा उपाय महागडा: तार सहा फूट खोल पुरायची. जर्मनांच्या १५० मिलिमीटरच्या तोफेचा गोळा सोसायला साधारण एवढी खोली लागते, हे अनुभवानं कळलं होतं. १९१६-१७ पासून ब्रिटिशांनी मैलोन्‌मैल केबल अशी पुरली. खणायचं रात्री, सकाळच्या आत बुजवून वरून माती सारखी करायची, म्हणजे विमानातून दिसू नये. खणणारे कोण? दिवसभर खंदकात काढलेलं पायदळच. सिग्नलवाल्यांवर पायदळाचा राग असायचा, त्यात हे एक कारण असणार.

पण पुरलेली तार आपल्या पहिल्या खंदकापर्यंतच जाणार. हल्ल्याच्या दिवशी माणसं त्याच्या पुढे जातात, आणि मोठं अवघड असतं ते नेमकं तिथून पुढे. ते थोडं बाजूला ठेवतो, कारण तारेची सगळ्यात रंजक भानगड अजून सांगायची आहे.

लँडलाइनच्या जमान्यात क्रॉस कनेक्शन लागायचं ते आठवत असेल. तुम्ही मावशीला फोन करावा आणि मधेच कुणा अनोळखी माणसाचं लग्नाच्या हॉलचं बोलणं ऐकू यावं. खंदकात हेच झालं, फक्त अनोळखी माणूस जर्मन होता.

विजेला जायला आणि यायला दोन वाटा लागतात. पण तार वाचवायची म्हणून सुरुवातीला ब्रिटिश एकच तार टाकत आणि परतीची वाट म्हणून जमीन वापरत. फोनच्या एका टोकाला तार, दुसऱ्या टोकाला जमिनीत ठोकलेली सळई. गावाकडे न्यूट्रल गेल्यावर अर्थिंगच्या सळईवर बल्ब पेटवणारे महाभाग पाहिले असतील (स्वतः करू नका, जीव जातो), तत्त्व तेच. आता गंमत अशी, की जमिनीत शिरलेला प्रवाह सरळ रेघेत घरी परतत नाही, तो चहूकडे पसरतो. ओल्या मातीत तर छान पसरतो. शत्रूचा खंदक शे-दोनशे मीटरवर. त्यानं रात्री सरपटत येऊन आपल्या बाजूला दोन सळया ठोकल्या, त्या तारांनी मागच्या तळघरात नेल्या आणि तिथे आवाज मोठा करणारं व्हॉल्व्हचं यंत्र लावलं, की झालं. जर्मनांनी अशी ऐकण्याची ठाणी आघाडीभर बसवली होती, त्यांना ते ‘मॉरिट्झ’ म्हणत. नवी ब्रिटिश बटालियन रात्री गुपचूप खंदकात आली आणि सकाळी समोरून जर्मनांनी तिला नावानं हाक मारली, असे अनुभव ब्रिटिश सैनिकांनी नोंदवून ठेवले आहेत. १ जुलै १९१६ च्या पहाटे, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या मोठ्या ब्रिटिश हल्ल्याच्या काही तास आधी, ला ब्वासेलजवळच्या मॉरिट्झ ठाण्यानं ब्रिटिशांच्या एका संदेशाचा तुकडा पकडला होता. अर्थात आठवडाभर तोफा धडधडत असताना हल्ला येणार हे कळायला फोन ऐकायची गरज नव्हती, तेव्हा त्या दिवशी झालेल्या ब्रिटिशांच्या संहाराचं खापर एकट्या या संदेशावर फोडणं मला पटत नाही.

यावर उतारे तीन. आघाडीजवळ एकेरी तार बंद करून पीळ दिलेल्या दोन तारा वापरणं. फोनवर बोलण्यावर बंदी, तुकड्यांना टोपणनावं. आणि तिसरा उतारा म्हणजे कॅप्टन फुलर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं १९१५ मधलं यंत्र, फुलरफोन.

फुलरची युक्ती समजायला स्वयंपाकघरातला नळ पुरेसा आहे. नळ थेंब थेंब गळत असला की रात्री घरभर ऐकू येतो. तोच नळ बारीक सलग धारेनं सोडला तर कुणाची झोप मोडत नाही. खंदकातला साधा बझर (ठिपके आणि रेघांच्या मोर्स लिपीत आवाजानं निरोप पाठवायचं यंत्र) म्हणजे गळणारा नळ. त्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होई. प्रवाहातला असा प्रत्येक झटका शेजारच्या तारेत आणि जमिनीत उमटतो, आणि तोच शत्रूच्या कानात ‘टूं टूं’ म्हणून पोचतो. फुलरनं तारेतून अतिशय क्षीण, सलग प्रवाह पाठवला, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका. मोर्सचा ठिपका म्हणजे थोडा वेळ धार, रेघ म्हणजे जरा जास्त वेळ धार. धार सुरू-बंद होतानाचा धक्काही त्यानं गुंडाळ्या आणि कंडेन्सर घालून बोथट केला. मग ऐकणाऱ्याला ऐकू कसं येणार, कारण सलग प्रवाह तर कानाला मुकाच? त्यासाठी ऐकणाऱ्याच्या पेटीत एक छोटा तोडक बसवला. तो आलेल्या धारेचे तिथल्या तिथे थेंब करी. आवाज जन्माला येई तो ऐकणाऱ्याच्या पेटीत. मधल्या दोन किलोमीटरच्या तारेत ऐकण्यासारखं काही नसेच. हे यंत्र दुसऱ्या महायुद्धातही वापरात होतं, यावरून त्याची योग्यता कळावी.

मोर्सबरोबर फोनवर अक्षरं सांगायची एक वेगळी पद्धत रुळली. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ खरखरत्या लाइनीवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ए म्हणजे ‘अ‍ॅक’, बी म्हणजे ‘बीअर’, डी म्हणजे ‘डॉन’, एम म्हणजे ‘एमा’, पी म्हणजे ‘पिप’, टी म्हणजे ‘टॉक’. सकाळ झाली ‘अ‍ॅक एमा’, दुपारनंतर ‘पिप एमा’. मोटारसायकलवरून टपाल नेणारा डिस्पॅच रायडर ‘डॉन आर’. विमानविरोधी तोफेला इंग्रजीत ‘अ‍ॅक-अ‍ॅक’ म्हणतात ते याच घरातलं.

आता त्या राहिलेल्या भागाकडे. सैनिक खंदकातून बाहेर पडून पुढे गेले, तार मागे राहिली. खबर मागे कशी पाठवायची?

झेंडे हलवायला उभं राहावं लागतं, उभा राहिलेला माणूस मरतो. आरशानं ऊन परावर्तित करणारा हेलिओग्राफ भारताच्या वायव्य सरहद्दीवर फार कामाचा ठरला होता. तो १८६९ मध्ये काढला तोही कराचीत नोकरीला असलेल्या हेन्री मान्स या तारखात्याच्या माणसानं. पण फ्लँडर्सच्या ढगाळ हवेत आरशाला ऊन कुठून मिळणार? दिवे चालायचे, पण एकाच दिशेनं. पुढचा माणूस मागे तोंड करून दिवा लुकलुकवी, तर मागच्यानं ‘मिळाला’ म्हणून उत्तराचा दिवा दाखवला की तो जर्मनांनाही दिसे. म्हणून उत्तराची वाट न पाहता तोच संदेश पुन्हा पाठवायचा आणि पोचला असेल असं धरून चालायचं. बिनतारी यंत्रं होती, पण त्यांच्या जड बॅटऱ्या, उंच एरिअल, आणि प्रत्येक शब्द आधी गुप्तलिपीत घालण्याचा व्याप यामुळे १९१७ पर्यंत तरी खंदकाच्या तोंडावर त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

मग रॉकेटं आणि फ्लेअर. ती चटकन दिसतात, पण त्यांना एकच शब्द येतो, आणि तो शब्द शत्रूच्या भाषेत वेगळा असू शकतो. १ जुलै १९१६ ला बोमाँ आमेल इथे २९व्या डिव्हिजनच्या मुख्यालयाला सकाळी पुढे पांढरा फ्लेअर दिसला. ठरलेल्या खुणांप्रमाणे पांढरा फ्लेअर म्हणजे ‘पहिला टप्पा जिंकला’. तो बहुधा जर्मनांचा होता, जर्मन तोफखान्यालाच ‘गोळे कमी अंतरावर पडताहेत’ असं सांगणारा. पण मुख्यालयाकडे दुसरी खबर नव्हती. आपली माणसं पुढे पोचली आहेत असं समजून मागच्या तुकड्यांना निघायचा हुकूम गेला, त्यात न्यूफाउंडलंडची पलटण होती. सुमारे आठशे जण उघड्या उतारावर चालत गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट जण हजर होते. त्याच डिव्हिजनच्या सैनिकांनी पाठीवर पत्र्याचे चकचकीत त्रिकोण बांधले होते, आपली माणसं कुठवर गेली ते वरून विमानाला दिसावं म्हणून.

कबुतरांचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून इथे थोडक्यात. कबूतर फक्त स्वतःच्या ढाबळीकडे उडतं, म्हणजे निरोप मागे नेईल, उत्तर आणणार नाही. रात्री आणि धुक्यात ते कुचकामाचं. पण तोफमाऱ्यातून पार होण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. ४ जून १९१६ ला फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या व्हो किल्ल्यात कोंडलेल्या फ्रेंच कमांडंट रेनालनं आपलं शेवटचं कबूतर सोडलं. विषारी वायूनं ते अर्धमेलं झालं होतं, तरी पोचलं आणि मेलं. ऑक्टोबर १९१८ मध्ये आर्गोनच्या जंगलात वेढल्या गेलेल्या अमेरिकनांवर त्यांच्याच तोफांचे गोळे पडायला लागले, तेव्हा मेजर व्हिटलसीनं चिठ्ठीत आपली जागा कळवून ‘देवाशपथ, हे थांबवा’ अशा अर्थाचं लिहिलं आणि ‘शेर अमी’ नावाचं कबूतर सोडलं. ते भुसा भरून आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो नर की मादी हा वाद शंभर वर्षं चालला आणि २०२१ मध्ये डीएनए तपासून मिटला: नर.

सगळं हरलं की माणूस उरतो. धावत निरोप नेणारा जासूद. बहुतेकदा दोघांना एकच मजकूर देऊन पाठवत, एक पडला तर दुसरा पोचेल म्हणून. दोन किलोमीटर म्हणजे आपल्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटांची चाल. खड्ड्याखड्ड्यांच्या, गुडघाभर चिखलाच्या जमिनीवर त्याला तास-दोन तास सहज लागत. आणि तो पोचेपर्यंत त्याच्या खिशातली खबर शिळी.

आता एक गोष्ट आपोआप उलगडते. त्या युद्धात सगळे घड्याळाला एवढे का बांधले होते? सात तीस म्हणजे सात तीस. तोफगोळ्यांच्या माऱ्याची फळी इतक्या मिनिटांनी इतके मीटर पुढे सरकणार, पायदळानं तिच्यामागून चालायचं. पायदळ अडलं तर तोफांना ‘थांबा’ असं सांगायची सोयच नव्हती, आणि पायदळाला घाई झाली तर ‘लवकर सरका’ असंही सांगता येत नव्हतं. बोलता येत नाही तर आधीच सगळं ठरवून ठेवा, एवढाच मार्ग उरला. हल्ल्याआधी घड्याळं जुळवणं हे त्यामुळे सिग्नलच्याच कामाचा भाग झालं. वेळापत्रक बिघडलं की पायदळ मागे पडे आणि तोफांचे गोळे रिकाम्या जमिनीवर पुढे निघून जात. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो.

आपल्याकडे सिग्नलचं वेगळं दल १५ फेब्रुवारी १९११ ला फतेहगढमध्ये उभं राहिलं, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल सिग्नल्सच्या नऊ वर्षं आधी. तिकडे १९२० पर्यंत हे काम इंजिनिअर दलाच्या पोटातच होतं. भारतीय सिग्नल दलाचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. त्यांची जुनी प्रशिक्षण संस्था जबलपूरला आहे आणि दुसरी गोव्यात.

१९१८ मध्ये युद्ध पुन्हा हललं आणि सहा फूट खोल पुरलेल्या त्या सगळ्या केबलींचा उपयोग संपला. त्या उचलून पुढे नेता येत नव्हत्या. शेवटच्या शंभर दिवसांत ब्रिटिशांनी वेगळी रीत धरली. प्रत्येक डिव्हिजनला वेगळी लाइन देण्याऐवजी एका वाटेनं एकच भक्कम लाइन रोज पुढे ओढत न्यायची. उद्या ती कोणत्या गावापर्यंत पोचेल ते सिग्नलवाले आदल्या दिवशी सांगत, आणि सेनापतींचे तंबू त्या वाटेवर, तारेच्या कडेनं पडत.